फोटोसाठी उभं राहायचं नाही

रत्नदीपमामाने भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला कॅमेरा आणला. गुलाबी रंगाचा, वर सशाचे दोन कान असलेला आणि जमिनीवर आपटला तरी न फुटणारा. आपटून दाखवण्याचं काम मामाने स्वतःच केलं, दोनदा, आणि दुसऱ्यांदा आपटताना पौर्णिमाने डोळे घट्ट मिटून घेतले.

“हे पाय दीपमाला,” मामा बहिणीला म्हणाला, “लेकराच्या हाती मोबाइल देऊ नको. मोबाइलमंदी लेकरू दुसऱ्यानं पाह्यलेलं पाह्यते. कॅमेरा दिला त सोताच्या डोयानं पाह्यते.”

रत्नदीपमामा वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहायचा. नोकरी पतसंस्थेत आणि जीव फोटोत. त्याने काढलेल्या घुबडाच्या फोटोला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून त्याला कुणी साधं ‘काय चाललंय’ विचारलं तरी तो उजेडाबद्दल बोलायचा. लहान मुलांना फोटो काढायला कसं शिकवावं, याचा एक वर्गही त्याने नुकताच घरबसल्या केला होता. त्यातलं सगळं ज्ञान घेऊन तो सावळधऱ्याला आला होता.

“तिले काय काढाचं थे कोनी सांगाचं नाई,” त्याने बजावलं. “वाकडा आला त रागवाचं नाई. अन् पौर्णिमा, एक गोष्ट ध्यानात ठेवजो. फोटोसाठी जो उभा राह्यला, त्याचा फोटो काढाचा नाई. तो उभा राह्याच्या आंधी काय करून राह्यलता, थे काढाचं. हळूच. त्याले समजलं नाई पाह्यजे.”

पौर्णिमाने मान हलवली. मोठ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी हीच एक तिला आजवर पूर्ण पटलेली होती.

तिच्या वडिलांना, प्रफुल्लला, मात्र ती अजिबात पटली नाही. प्रफुल्ल सावळधऱ्याच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर होता, आणि हल्ली सरकारी काम म्हणजे फोटो. घरकुल पाहिजे तर पडक्या घरासमोर उभं राहून फोटो. संडास बांधला तर संडासासमोर उभं राहून फोटो. झाड लावलं तर झाडाला हात लावून फोटो. रोहण्याच्या पुढे आडवळणाला असलेल्या या गावात एकही माणूस असा नव्हता, ज्याला प्रफुल्लने कशाच्या तरी समोर उभं केलेलं नव्हतं. घरकुलाच्या फोटोत हात जोडायचे, चेहरा पाडायचा आणि हसायचं नाही, हे त्याने गावाला इतकं शिकवलं होतं की लग्नाच्या फोटोतही काही जण तसेच उभे राहायचे.

“उभं नाई केलं त फोटो येईल कसा?” तो मेहुण्याला म्हणाला.

“म्हनूनच तुमचे फोटो सरकार पाह्यते, मानूस पाहत नाई,” रत्नदीप म्हणाला आणि दुपारच्या एसटीने निघून गेला.

प्रफुल्लला वाद घालायला वेळही नव्हता. ‘सुंदर गाव’ स्पर्धेची समिती शनिवारी गावात येणार होती. मागच्या वर्षी सावळधरा तालुक्यात खालून दुसरं आलं होतं, आणि जे शेवटचं आलं त्या गावाने अर्जच उशिरा भरला होता. सरपंच सुलोचनाताईंच्या ते जिव्हारी लागलं होतं. माहेरी गेल्यावर लोक विचारत.

“या साली पयला नंबर पाह्यजे, प्रफुल्लभाऊ,” त्यांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवत अगदी प्रेमाने सांगितलं. “सगळी तयारी तुमच्यावर. नंबर आला नाई त मंग ऑपरेटरची खुर्ची झटकून ठेवजा. दुसरा पोट्टा तयार हाय माह्याकडे.”

दुसरा पोट्टा म्हणजे त्यांच्या नणंदेचा मुलगा होता आणि तो खरोखरच तयार होता. रोज ग्रामपंचायतीसमोर येऊन तो उगाच मोटारसायकल पुसायचा. प्रफुल्लच्या हातात ही नोकरी सोडली तर काही नव्हतं. म्हणून त्याने जीव तोडून काम केलं. गटारं उपसली, भिंतींवर फुलं रंगवून घेतली, सुलोचनाताईंच्या हाती झाडू देऊन श्रमदानाचे फोटो काढले. दर घरी जाऊन सांगितलं, शनिवारी घर चकाचक दिसलं पाहिजे. लोकांनी ‘हो’ म्हटलं. इथवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते तानाबाईच्या भिंतीमुळे.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. पौर्णिमा गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर हिंडायची. म्हाताऱ्या तानाबाईच्या घराच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती आणि त्या भेगेत पालींचं एक जोडपं सुखाने संसार करत होतं. पौर्णिमाला त्या पाली फार आवडायच्या. तानाबाई भेगेत जुनं लुगडं कोंबत होती, त्या वेळी पौर्णिमाने हळूच तिचा फोटो काढला. तानाबाईला कळलं नाही, शेजाऱ्यांनी मात्र पाहिलं.

आणि तिसऱ्याच दिवशी गावात जीप आली. तिच्यातून इंजिनीअरसाहेब उतरले, त्यांनी तानाबाईचं घर टेपने मोजलं, ‘आजी, तुमचं घरकुल मंजूर झालं’ असं सांगितलं आणि चहा पिऊन गेले.

संध्याकाळी हिरालालच्या किराणा दुकानापुढे माणसं जमली. प्रफुल्ल काडीपेटी घ्यायला गेला, तर सगळे त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागले.

“सांगत नाई का गा आपल्या मानसाले,” बबनराव म्हणाले. ते माजी सरपंच होते, आणि गावात काहीही चांगलं घडलं की त्यांना न विचारता घडलं म्हणून ते नाराज होत. “पोट्टीच्या हाती मशीन देल्ली अन् आमाले पत्ता नाई.”

“कोनती मशीन?”

“फोटोची. तानाबाईचा फोटो काढला, घरकुल आलं.”

प्रफुल्लने कपाळावर हात मारला. “अहो, तानाबाईचा फोटो म्या काढलता, मागच्या साली पावसाळ्यात! थे घरकुल आता मंजूर झालं!”

“बराबर हाय,” हिरालाल पुडी बांधता बांधता शांतपणे म्हणाला. “तुमी काढला त साल लागलं. बच्चीनं काढला त परवा साहब हाजिर. मंग मेन कनेक्शन कोनाचं हाय, तुमीच सांगा.”

“अजी, खेळणं हाय थे! सशाचे कान हाय त्याले!”

“कान नोहोत थे,” बबनराव आवाज खाली आणून म्हणाले. “अँटेना हाय. डायरेक्ट दिल्लीले लागते.”

प्रफुल्ल काडीपेटी न घेताच घरी आला आणि दीपमालाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की पोळी तव्यावर करपली. तिच्या हसण्यामुळे त्यालाही वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. या गावात लोक काय विसरतात आणि काय नाही, हे इतकी वर्षं फोटो काढूनही त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमाची चैन सुरू झाली. कुणी पेरू द्यायचं, कुणी चिक्की, कुणी घरी बोलावून शेवया खाऊ घालायचं. खाऊन झालं की घरातली सगळी माणसं दारासमोर रांगेत उभी राहायची. हात जोडलेले, चेहरे पाडलेले, डोळे कॅमेऱ्यात.

पौर्णिमा कॅमेरा डोळ्याला लावायची, त्यांच्याकडे पाहायची आणि कॅमेरा खाली घ्यायची.

“काऊन वं माय? काढ न!”

“नाई. तुमी उभे राह्यले,” असं म्हणून ती चालू लागायची.

बबनरावांच्या घरी ती अशी दोनदा आली आणि दोनदा फोटो न काढता गेली. हिरालालकडे तर तीनदा. गावाने यावर विचार केला. मशीन चांगली आहे, पोरगी चांगली आहे, फोटो मात्र निघत नाही. म्हणजे दोष घरात आहे. तानाबाईच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. आपल्या भिंतीला काय आहे? रंगवलेली फुलं!

“घर नापास होऊन राह्यलं,” बबनरावांनी निर्णय दिला. “अन् शनवारी समिती येऊन राह्यली. आता चकाचक घर पाह्यल्यावर घरकुल कोन देईल? हा प्रफुल्ल आपल्याले उलटं सांगून राह्यला.”

शुक्रवारी सकाळपासून गाव कामाला लागलं. प्रफुल्ल दिवसभर ग्रामपंचायतीचं दार लावून कॉम्प्युटरवर श्रमदानाचे फोटो ओळीने लावत होता. बाहेरून ठोकाठोकीचा आवाज येत होता. गाव आपलं ऐकतंय, शेवटच्या दिवशी का होईना लोक कामाला लागले, या विचाराने त्याला भरून आलं. अंधार पडल्यावरच तो घरी गेला.

बाहेर हिरालाल बनियनवर उभा राहून आपल्या गोदामाच्या मातीच्या भिंतीत लोखंडी सब्बल मारत होता. जन्मात त्याने तराजूपेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्यामुळे दर घावाला तो आधी स्वतः हलायचा आणि मग भिंत. त्याचा फ्रिज चौघांनी उचलून गोठ्यात नेला होता आणि म्हैस त्याला चाटत होती. कुणाची मोटारसायकल कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाखाली गेली होती.

बबनरावांची अडचण वेगळी होती. त्यांचं आणि त्यांचे चुलतभाऊ अण्णाजी यांचं घर एकाच आढ्याखाली होतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. पण छपराची कौलं, म्हणजे कवेलू, एका बाजूची काढली तर दुसऱ्या बाजूची आपोआप घसरणार होती. बबनराव शिडीवर चढले आणि हातात घेतलेलं पहिलं कवेलू त्यांनी परत जागेवर ठेवलं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

“अण्णाजी, तुह्या बाजूचेही उतरवू का?”

अण्णाजी अंगणात उभे होते. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि धोतर खोचलं.

“उतरव. म्या खालून झेलतो.”

मग दोघे भाऊ दुपारभर कवेलू उतरवत होते. वरून बबनराव द्यायचे, खालून अण्णाजी घ्यायचे, आणि मधूनच कोणी तरी लहानपणची गोष्ट काढून हसायचं. या सगळ्यात पौर्णिमा कुठे आहे, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आधी घर तयार करू, मग पोरीला बोलावू, असं सगळ्यांचं ठरलं होतं. ती कधी गोठ्याआडून, कधी बैलगाडीच्या चाकातून, कधी पाण्याच्या टाकीमागून हिंडत होती. तिच्या मामाला पाहायला मिळालं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

शनिवारी सकाळी प्रफुल्ल रांगोळीची पिशवी घेऊन गावात निघाला आणि पहिल्याच वळणावर थांबला. पिशवी त्याच्या हातातून सुटली. तिथे जेवढी रांगोळी सांडली, तेवढीच त्या दिवशी सावळधऱ्यात घातली गेली.

“बबनराव! हे काय केलं?”

“बाकी समदं रेडी हाय,” छप्पर नसलेल्या ओसरीत चहा पीत बबनराव म्हणाले. “पोट्टीले पाठव फक्त.”

तेवढ्यात समितीच्या गाड्या आल्या.

समितीचे मुख्य साहेब उंच, कोरडे आणि दमलेले होते. आधी ग्रामपंचायतीत बसून त्यांनी प्रफुल्लने लावलेले श्रमदानाचे फोटो पाहिले. सुलोचनाताई झाडू घेऊन उभ्या आहेत, त्यांच्यामागे दहा जण झाडू घेऊन उभे आहेत, सगळे कॅमेऱ्याकडे पाहतायत.

“प्रत्येक गावात मला हाच फोटो दाखवतात,” साहेब जांभई आवरत म्हणाले. “फक्त सरपंच बदलतात. हे झाडू पाहा, मुठीवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. चला, गाव दाखवा.”

सुलोचनाताईंनी प्रफुल्लकडे पाहिलं. समितीला आणायला त्या आदल्या दिवसापासून तालुक्याला होत्या, त्यामुळे त्यांना गावाची दशा अजून माहीत नव्हती. त्याला होती. गाव दाखवण्यापेक्षा एखाद्या विहिरीत उतरून बसावं, असं त्याला वाटलं.

पहिलं घर हिरालालचं लागलं. गोदामाच्या भिंतीतून आतली तेलाची पिंपं दिसत होती. दुसरं बबनराव आणि अण्णाजींचं, ज्यावर निळं आकाश सोडून काही नव्हतं. पुढे आणखी दोन भिंती पडलेल्या, एक ओटा उखडलेला. दारादारात माणसं हात जोडून, चेहरे पाडून उभी. सुलोचनाताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“नंबराची वाट कायले पाह्याची,” त्या दातांवर दात धरून म्हणाल्या, “तुमी आजच खुर्ची खाली करा, प्रफुल्लभाऊ.”

साहेब थांबले. त्यांनी छप्पर नसलेल्या घराकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली गेली, कारण तिथे एक मुलगी गुलाबी कॅमेऱ्याने त्यांच्या बुटाच्या सुटलेल्या लेसचा फोटो काढत होती.

“अरे वा! फोटोग्राफर का तू? काय काय काढलंस? दाखव.”

आता संपलं, हे प्रफुल्लला कळलं. पौर्णिमाने कॅमेरा साहेबांच्या हातात दिला आणि कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं.

साहेब एक फोटो पाहत होते, पुढचा पाहत होते. हिरालाल घामाने निथळत सब्बल उगारून उभा होता, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. बबनराव शिडीवर, अण्णाजी खाली, मध्ये हवेत एक कवेलू, आणि दोघेही हसत होते. चार माणसं फ्रिजच्या ओझ्याखाली वाकली होती. एक बाई डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन. कुणीही कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं. एकाच्याही हातात नवा झाडू नव्हता.

“हे काय करत आहेत, बाळा?” साहेबांचा आवाज बदलला होता.

“घर पाडून राह्यले,” पौर्णिमा म्हणाली.

प्रफुल्लने डोळे मिटले.

“का पाडत आहेत?”

“तुमी येनार म्हनून.”

कुठेतरी म्हैस रेकली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“ऐकलंत?” ते समितीतल्या बाकीच्यांकडे वळले. “आम्ही येणार म्हणून या लोकांनी स्वतःच्या हाताने आपली जुनी, पडकी घरं उतरवायला घेतली. इतर गावं भिंतीवर फुलं रंगवतात. इथं तर पायापासून काम काढलंय! हे दोघे कोण?”

“सख्खे चुलत,” सुलोचनाताईंच्या तोंडून कसंबसं निघालं. “पाच वर्सं बोलत नव्हते.”

“पाच वर्षं!” साहेब म्हणाले. “श्रमदान म्हणजे आणखी काय असतं?”

प्रफुल्लने तोंड उघडलं. तो स्वभावाने खरं बोलणारा माणूस होता. पण त्याच क्षणी सुलोचनाताईंची चप्पल त्याच्या पायावर पडली आणि तिथेच राहिली. तोंड त्याने मिटून घेतलं.

मारुतीच्या पारावर साहेबांनी भाषण केलं. इतकी गावं फिरलो पण न सांगता, न उभं करता काढलेला फोटो आज पहिल्यांदा पाहिला, असं म्हणताना त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. तालुक्यात सावळधरा पहिलं, हे त्यांनी तिथेच जाहीर केलं. टाळ्या पडल्या. बबनरावांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या आणि अण्णाजींना कोपर मारून ‘आता येते पाय घरकुल’ असं डोळ्यांनीच सांगितलं.

“एक गोष्ट मी वर लिहून कळवणार आहे,” साहेब पुढे म्हणाले. “हे गाव सरकारकडे हात पसरत नाही. स्वतःच्या ताकदीवर घरं उभारतं. अशा गावाला घरकुलं देणं म्हणजे त्यांच्या स्वाभिमानाचा अपमान होईल. ज्या आजींचं मंजूर झालंय त्यांचं होऊ द्या. बाकी कुणाचीही गरज नाही. बरोबर ना?”

टाळ्या वाजवता वाजवता हिरालालचे हात तसेच हवेत राहिले. पण समोर समिती होती, बाजूला सुलोचनाताई होत्या आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. गावाने एका आवाजात ‘बराबर’ म्हटलं. इतकं दुःखी ‘बराबर’ सावळधऱ्याने कधी उच्चारलं नसेल.

“दोन महिन्यांनी मी परत येईन,” साहेब गाडीत बसताना म्हणाले. “पूर्ण झालेली घरं पाहायला. आणि फोटो याच मुलीने काढलेले हवेत.”

प्रफुल्लची खुर्ची वाचली. सुलोचनाताईंनी त्याला पेढा भरवला आणि भरवता भरवताच सांगितलं, “आता हे समदे घरं तुमीच उभे करून घेजा. दोन महिन्यात. नाई त पोट्टा तयार हायच.” नणंदेच्या मुलाने बाहेर मोटारसायकल पुसणं चालूच ठेवलं होतं.

म्हणून पुढच्या रविवारी प्रफुल्ल बबनरावांच्या घराच्या आढ्यावर बसून कवेलू लावत होता. तळहाताला फोड आले होते, पाठ धरली होती. अण्णाजी आणि बबनराव आता इतके जवळ आले होते की दोघे मिळून सावलीत बसून त्याच्या चुका काढत होते. चुना घ्यायला दोघेही उठून गेले. थोड्या वेळाने खालून ओळखीचा आवाज आला.

“पप्पा, कॅमेऱ्याकडे पाहू नका.”

“पाहून नाई राह्यलो माय,” प्रफुल्ल दोन्ही हातांनी आढं घट्ट धरून ओरडला, “शिडी कोनं नेली थे पाहून राह्यलो!”

“हिरालाल आजोबानं नेली, गोदामासाठी. संध्याकाळी आनून देतो म्हने,” पौर्णिमा म्हणाली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. “तुमी आपले तसेच बोंबला. मस्त येऊन राह्यलं.”